तिसरा महिना सरेपर्यंत

ये गं, इकडे जवळ बस. तू समोर नाहीस हे मला दिसतंय, पण हा कागद हातात घेतलास की समज मी तुझा हात धरलाय आणि आता सोडणार नाही. तो मोबाईल आधी उलटा ठेव. परवा तुझ्या माहेरी सगळे पुरणपोळीवर तुटून पडले होते आणि तू वाढता वाढता माझ्या कानाशी येऊन म्हणालीस, "काकू, मी फिटच्या गोळ्या अर्ध्या केल्यात. एवढ्यात काही झालंच नाही ना मला. आणि आता आम्ही जरा बाळाचा विचार करतोय." असं म्हणालीस आणि तुपाची वाटी घेऊन पुढच्या पानाकडे गेलीस! माझ्या घशात पोळी अडकली. अगं, असली बातमी कुणी तुपाबरोबर वाढतं का? डॉक्टरांना विचारलंस का, म्हणेपर्यंत तू पार टोकाच्या पानाशी. पंगतीत ओरडताही येईना. म्हणून हे लिहायला बसले. शाळा माझी सातवीत सुटली, पुढचं जे काही आलं ते वाचून वाचून आलं, त्यामुळे माझं लिहिणं बोलल्यासारखंच होतं. तेवढं चालवून घे.

तुझी वहिनी, म्हणजे माझी सून, तिचं पहिलं बाळंतपण तुला आठवणार नाही. तू तेव्हा दप्तर फरफटत बालवाडीत जायचीस. तुला एवढंच माहीत की सगळं छान झालं. झालं छान. पण त्याआधी काय झालं ते तुला कुणी सांगितलं नाही, कारण न सांगणं ही आपल्याकडची मोठी आवडीची गोष्ट आहे. त्याच आवडीने माझी सून आणि तिच्या पोटातलं बाळ दोघंही हातची जायची वेळ आली होती.

तिला फिट येतात हे मला लग्नाआधीपासून माहीत होतं. नारायण पेठेत आम्ही मुलगी बघायला गेलो, तर विहीणबाईंनी बसायच्या आधीच सांगितलं. त्या शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या, आवाज अजून वर्गातलाच. म्हणाल्या, "मुलीला फिट्स येतात. गोळ्या चालू आहेत, त्या नियमित घेतल्या की येत नाहीत. पोहे तयार आहेत. पण उठायचं असेल तर आपण आधीच उठावं, पोहे वाया जायला नकोत."

मी लोणी काळभोरची, मला असलं तिरकस बोलणं चटकन कळत नाही. पण हे कळलं, आणि आवडलंही. मी म्हटलं, "पोहे आणा."

तेव्हा माझा मुलगा नुकताच कॉम्प्युटरच्या कंपनीत लागला होता. आम्ही वारज्याला नवीन फ्लॅट घेतला होता. आजूबाजूला अजून कांद्याची शेतं होती, आणि दर महिन्याला एका शेतात वाळूचा ढीग येऊन पडायचा. सूनही कॉम्प्युटरवालीच. दोघांची कंपनी वेगळी, पण दोघांचा मालक अमेरिकेत. आपल्याकडे दिवे लागले की त्यांच्याकडे उजाडतं, म्हणजे आमच्या घरात जेवायची वेळ झाली की हिचा फोन सुरू. घड्याळ पुण्याचं आणि जेवण अमेरिकेचं. औषधाच्या चिठ्ठीवर लिहिलेलं, सकाळी एक आणि रात्री जेवणानंतर एक. आता जेवणच जर कधी नऊला आणि कधी मध्यरात्र उलटून, तर गोळी कधी? एकदा रात्रीची राहून गेली, तर ही बाई सकाळी दोन एकदम घ्यायला निघाली. मी हात धरला. म्हटलं, आधी विचार. मेंदूच्या डॉक्टरांना फोन लावला. त्या म्हणाल्या, आपल्या मनाने दुप्पट घ्यायची नाही, राहून गेली तर काय करायचं ते मी लिहून देते. आणि गोळी जेवणाला बांधू नका, घड्याळाला बांधा.

मग मी डोकं लढवलं. माझ्याकडे स्टीलचा एक जुना मसाल्याचा डबा होता, काचेच्या झाकणाचा. सात वाट्यांचा! वार पण सातच. मी तो घासून, उन्हात वाळवून घेतला आणि रविवारी संध्याकाळी आठवड्याच्या गोळ्या त्यात भरून ठेवायला लागले. पहिल्या खेपेला गोळ्या पाकिटातून सोलून टाकल्या, तर डॉक्टर म्हणाल्या, सोलू नका, दमट हवेने खराब होतात, पाकीटच कात्रीने कापून तुकडे ठेवा. तसं केलं. डबा डायनिंग टेबलावर. शेजारच्या वहिनी एकदा मोहरी मागायला आल्या आणि झाकण उघडून म्हणाल्या, "अगं बाई, हे काय फोडणीला घालता?"

सून हसायची, पण त्या डब्यापासून चुकणं थांबलं. फिटही थांबली, इतकी की घरात कुणी तो शब्द काढेना. माझी छाती फुगली. दुसऱ्यांच्या सुनांना रांगोळी येते, माझ्या सुनेला डबा आहे, असं मी चारचौघींत सांगत फिरायची.

आणि मग तिला दिवस गेले.

मला कुणी सांगितलं नाही हं! मला कळलं. मी फोडणी घातली की ही गॅलरीत. ऑफिसला जाताना पर्समध्ये आवळासुपारी. चहा समोर ठेवला की चेहरा असा करायची की जणू मी तिला रॉकेल दिलंय. मला कळलं आणि मी आनंदाने गप्प बसले, कारण तिसरा महिना सरेपर्यंत बोलायचं नसतं, दृष्ट लागते. माझ्या सासूबाई बोलल्या नव्हत्या, माझी आई बोलली नव्हती. मुलगा रोज पिशवी भरून फळं आणायचा. मी विचारलं, "काय रे, फळवाल्याशी सोयरीक केलीस का?" तर म्हणे, "सहज आणली." विहीणबाईंचा फोन दर दुपारी.

"काय, काही विशेष?"

"काही नाही बाई. तुमच्याकडे?"

"आमच्याकडे आता काय विशेष असणार?"

आणि दोन्हीकडे दोन म्हाताऱ्या खुदुखुदु हसतायत. त्यांना माहीत, मला माहीत, मला माहीत आहे हे त्यांना माहीत. पण तोंडातून शब्द काढायचा नाही. मी फोडण्या बंद केल्या, सकाळी तिच्या उशाशी कोरडे टोस्ट ठेवायला लागले, आणि रविवारी डबा भरत राहिले. डबा रोजच्या रोज रिकामा होत होता. मला दुसरं काय बघायचं होतं?

त्या दिवशी सुट्टी होती. विहीणबाई मोरावळ्याची बरणी घेऊन आल्या होत्या, "सहज" बरं का, त्यांचीही सहजच. सून ओट्याशी उभी राहून त्यांच्यासाठी कप विसळत होती. तिचा हात एकदम उडाला. कप भिंतीवर जाऊन फुटला. मला वाटलं हातातून निसटला, मी "राहू दे, काचेत पाय देऊ नकोस" म्हणते तोवर ती खाली.

लग्नाआधीच विहीणबाईंनी मला सगळं शिकवून ठेवलं होतं, पण शिकणं वेगळं आणि बघणं वेगळं. तरी गॅस बंद केला, काचा पायानेच बाजूला सारल्या, तिला कुशीवर वळवलं, डोक्याखाली माझी शाल घातली, आणि दाबून न धरता नुसती शेजारी बसले. आवाज ऐकून शेजारच्या वहिनी धावत आल्या. एका हातात चमचा, एका हातात चप्पल.

"तोंडात चमचा घाला हो, जीभ तुटेल! आणि ही चप्पल हुंगवा!"

"चप्पल पायात घाला वहिनी, खाली काचा आहेत," मी म्हटलं. "आणि चमचा ठेवून घड्याळ बघा. पाच मिनिटांवर गेलं तर थेट ॲम्ब्युलन्स."

खरं सांगते, वहिनींनी वेळ इतकी चोख बघितली की पुढे मला त्यांचा आधारच वाटला. अर्धं मिनिट झालं, एक मिनिट झालं, असं मोठ्याने सांगत होत्या. मुलगा गाडी काढायला खाली पळाला. आणि विहीणबाई, ज्यांनी हे वर्षानुवर्षं एकटीने निभावलेलं, त्या दाराला टेकून उभ्या होत्या, कागदासारख्या पांढऱ्या. म्हणाल्या, "अहो, हिच्या पोटात..." आणि ओठ घट्ट मिटले. का, तर शेजारीण उभी होती! पोरगी जमिनीवर झटके देतेय आणि आम्हाला दृष्टीची काळजी. आजही आठवलं की माझं डोकं तापतं.

दोनेक मिनिटांत थांबलं. ती डोळे उघडून बघायला लागली, पण कुणाकडे बघतेय ते तिलाच कळत नव्हतं. वहिनी पाणी घेऊन आल्या, मी ते दिलं नाही. ती मला ओळखून "आई, कप फुटला का?" म्हणाली, तेव्हा कुठे दोन घोट पाजले आणि दवाखान्यात नेली.

मेंदूच्या डॉक्टर बाईच होत्या, पेठेतल्याच असाव्यात असं मला नेहमी वाटायचं. तपासलं, आणि आम्हा चौघांना समोर बसवलं.

"इतके दिवस एकही फिट नाही आणि आज अचानक. गोळ्या चुकल्यात का?"

मी पुढे सरसावले. "छे हो डॉक्टर! मी स्वतः डबा भरते. रोज रिकामा होतो."

सुनेने आईकडे पाहिलं. आईने भिंतीवरच्या मेंदूच्या चित्राकडे पाहिलं. माझ्या मुलाने मोबाईल काढून त्यात बघितलं, तेव्हा त्यात बघायला काही नसायचं तरी. मग सुनेने पर्स मांडीवर घेतली, आतला कप्पा उघडला, आणि टेबलावर पाकिटाचे तुकडे ओतले. माझ्या कात्रीने कापलेले, न फोडलेले. प्रत्येकात गोळी तशीच.

रोज सकाळी ती टेबलाशी यायची, वाटीतला तुकडा उचलायची, माझ्याकडे बघून गोड हसायची. आणि गोळी पर्समध्ये!

डॉक्टर म्हणाल्या, "का?" कुणी बोलेना. "दिवस गेलेत का?"

शेवटी विहीणबाई म्हणाल्या, "तसं अजून सांगण्यासारखं काही नाही. तिसरा पूर्ण व्हायचाय."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "बरं. मग मीही तिसरा पूर्ण झाल्यावर तपासू का? तोवर फिटला थांबायला सांगा."

मला हसूही येईना आणि रडूही. मी म्हटलं, "हो डॉक्टर, दिवस आहेत. घरात सगळ्यांना माहीत आहे. शेजारणीलाही माहीत असणार. फक्त तुम्हाला माहीत नव्हतं."

मग सून बोलायला लागली. तिने कंपनीत कॉम्प्युटरवर वाचलं होतं की या गोळ्या बाळाला बाधतात. माझ्या चिरंजीवांनी त्याची छापील पानं आणून भर घातली होती. "मला वाटलं माझं काय व्हायचं ते होईल, बाळाला काही नको. डॉक्टरांना विचारू म्हटलं, तर आई म्हणाली, तिसरा सरू दे, मग सांगू."

"मी लोकांना सांगू नको म्हटलं होतं," विहीणबाई पुटपुटल्या.

"आई, डॉक्टर पण लोकच ना!"

"आणि मला का नाही विचारलंस?" मी म्हटलं.

"तुम्हाला कसं विचारणार? तुम्हाला माहीत नव्हतं ना!"

घ्या! ज्या गोष्टीसाठी मी टोस्ट भाजत होते, ती मला माहीत नव्हती.

डॉक्टर मात्र तिच्यावर चिडल्या नाहीत. तिला म्हणाल्या, "तुझी शंका चुकीची नव्हती. काही गोळ्या बाळाला खरंच नडतात. म्हणून तर दिवस जायच्या आधी यायचं असतं, म्हणजे बदलायची असेल ती सावकाश बदलता येते. पण अशी एकदम बंद केलीस तर फिट येणार, आणि तू पडलीस की बाळही पडलं. तुझी गोळी चालू ठेवण्यासारखी आहे. किती घ्यायची ते मी आणि बाळंतपणाच्या डॉक्टर मिळून बघू, मधूनमधून रक्त तपासू." फॉलिक ॲसिडची गोळी लिहून दिली, ती खरं तर आधीपासूनच हवी होती म्हणाल्या. मग माझ्या मुलाकडे वळल्या. "तुम्ही छापलेल्या पानांत हिचं नाव होतं का? नव्हतं ना? मग ती सगळ्यांसाठी होती. हिच्यासाठी मी आहे."

बाहेर आल्यावर मी आणि विहीणबाई बाकावर बसलो. मग त्या म्हणाल्या, "तुम्हाला माहीत होतं ना?"

"पहिल्या आठवड्यापासून."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही का नाही बोललात?"

त्यांनी पर्समधून मोरावळ्याची बरणी काढली. त्या गडबडीत ती उचलून कशी आणली त्यांनाही ठाऊक नाही. आम्ही दोघींनी मोरावळा बोटाने चाटून खाल्ला.

पुढचे महिने कसे गेले ते आमचं आम्हाला माहीत. बाळ ठीक आहे का, हा प्रश्न सकाळी उठल्यावर पहिला आणि निजताना शेवटचा. इकडे उलट्या. गोळी घेतली आणि लगेच उलटून पडली तर ती पोटात गेली का नाही? आता मात्र डोकं न चालवता डॉक्टरांना फोन. तिकडे अमेरिकेचे फोन. जागरणानेही फिट येते म्हणून डॉक्टरांनी चिठ्ठी दिली, तेव्हा कंपनीने तिला दिवसाचं काम दिलं. कुणी म्हणे काढा द्या, कुणी म्हणे कसलीशी पुडी द्या, मुळापासून बरं होतं. मी प्रत्येकीला विचारायची, "यातलं काय काय हिच्या गोळीबरोबर चालतं ते लिहून द्या, डॉक्टरांना दाखवते." पुडी घेऊन आलेली बाई चहा पिऊन जायची. एकदा खोकल्याच्या औषधासाठी कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे गेलो, तर तिथेही मी आधीच सांगितलं, हिला अमुक गोळी चालू आहे, आणि हो, दिवसही आहेत. रांगेतल्या सगळ्या बायका वळून बघायला लागल्या. बघू देत! दृष्ट लागायची तर लागो, मला आता दृष्टीची भीती राहिली नव्हती.

आणि मी? मी शिपायासारखी तिच्यामागे. गोळी घेतली की म्हणायची, "तोंड उघड बघू." चार दिवस तिने सहन केलं. पाचव्या दिवशी ग्लास आपटून म्हणाली, "आई, मी कुकुलं बाळ आहे का? रोज इतक्या माणसांचं काम बघते मी ऑफिसात, आणि घरी माझी जीभ तपासता?"

मलाही राग आला. "जीभ तपासते, कारण पर्स तपासली नाही!"

दिवसभर अबोला. कुकरच्या शिट्ट्यांशिवाय घरात आवाज नाही. संध्याकाळी ती स्वतः डबा घेऊन आली, कात्री घेऊन आली, माझ्यासमोर बसली. म्हणाली, "डबा मी भरणार. आणि गोळी घेतली की रिकामा तुकडा परत त्याच वाटीत टाकणार. तुम्हाला बघायचं तर वाटीत बघा. माझ्या तोंडात नाही."

म्हटलं कबूल. खरं तर हे मला आधी सुचायला हवं होतं, पण तेव्हा मी ते बोलले नाही. मी म्हटलं, "कात्रीला धार नाही, जपून."

मुलगी झाली. तुझी भाची. डॉक्टरांनी बाहेर येऊन दोघी सुखरूप आहेत म्हणून सांगितलं, तरी मी बाळाची बोटं मोजल्याशिवाय खाली बसले नाही. विहीणबाईंच्या डोळ्यांना धार लागलेली, आणि तोंडाने काय म्हणाव्यात? "वजन बरं आहे." मग माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. ती कार्टी आता कॉलेजात जाते आणि मला इंग्रजी बोलून दाखवते. तिच्या आईच्या गोळ्या अजून चालू आहेत, डबाही चालू आहे. आणि फिट? त्यानंतर नाही.

आता तुझं. तुला काही होत नाही, म्हणून गोळी नको असं तुला वाटतंय. अगं, होत नाही ते गोळीमुळेच असेल! आणि तुझी गोळी तुझ्या वहिनीचीच असेल असंही नाही. तुझी कदाचित बाळाआधी बदलायची असेल, कदाचित नसेल. ते मला माहीत नाही, तुलाही माहीत नाही, म्हणून हे वाचून झाल्याबरोबर तुझ्या डॉक्टरांना फोन कर. अर्धी केली आहे असं स्पष्ट सांग, लाजू नकोस. आणि मी रागावले म्हणून घाबरून उद्यापासून परत मनानेच पूर्ण सुरू करू नकोस. त्या सांगतील तशी. तोवर स्कूटर चालवायची नाही, रिक्षाने जा. नवऱ्याला सांग. आईला सांग. बाळाचा विचार करतोय हे सांगायला कुठलाही महिना सरावा लागत नाही.

आणि ये गं इकडे. खराडीहून वारज्याला यायचं म्हणजे तुम्हाला परदेशी जाण्यासारखं वाटतं, सूटकेस तेवढी भरायची राहते. येत्या रविवारीच ये. मी बोहारणीला द्यायला काढलेला दुसरा मसाल्याचा डबा परत आत ठेवलाय, घासून, वाळवून. त्याची एक वाटी चेपली आहे, पण बसते जागेवर. येताना तुझी पाकिटं आण, कात्री माझ्याकडे आहे. तुझी वहिनी पण घरी असेल, आणि फोडणीचा वास सोसणार असेल तर तुझ्या आवडीची आमटी करते. नसेल सोसत, तर तेही दारातच सांग.